मणक्याची नस दबली आहे? आधी पाय तपासा, मग फिल्म बघा

ओपीडीत पेशंट खुर्चीवर बसतो, पिशवीतून एमआरआयची मोठी फिल्म काढतो आणि म्हणतो, "डॉक्टर, मणक्यात गॅप आलाय, नस दबलीय. ऑपरेशन करावंच लागेल का?" कुठे दुखते, कधीपासून दुखते, हे नंतर. ठाणे असो, डोंबिवली असो की कल्याण, हे आता रोजचेच झाले आहे. अनेकदा पायाला कोणी हात लावून पाहण्याआधीच एमआरआय झालेला असतो. माझ्या मते हा क्रम उलटा आहे. त्यामुळे काहींचे नको ते ऑपरेशन होते आणि काहींचे हवे ते ऑपरेशन लांबते.

आधी 'गॅप' म्हणजे काय ते पाहू. दोन मणक्यांमध्ये मऊ गादी असते. वयानुसार तिच्यातले पाणी कमी होते आणि ती चपटी होते. म्हणजे मणक्यांमधले अंतर वाढत नाही, उलट कमी होते. कधी गादीच्या कडेला चीर पडते आणि आतला मऊ भाग मागे सरकतो. तिथेच पायाकडे जाणाऱ्या नसेचे मूळ असते. नस म्हणजे इथे रक्तवाहिनी नव्हे, मज्जातंतू. दाब आणि सूज या दोन्हींमुळे तो चिडतो. म्हणून कंबरेपेक्षा नितंबापासून पोटरीपर्यंत, कधी पावलापर्यंत कळ जास्त जाते. यालाच आपण सायटिका म्हणतो.

फिल्ममध्ये दिसते ते सगळेच आजार नसतात

1994 साली अमेरिकेत कंबर अजिबात न दुखणाऱ्या 98 जणांचे एमआरआय काढले गेले. त्यातल्या 52 टक्के लोकांची किमान एक गादी फुगलेली निघाली. 2015 साली अशा अनेक अभ्यासांचा एकत्र आढावा घेतला गेला. कसलीही तक्रार नसलेल्या विशीतल्या सुमारे 30 टक्के आणि ऐंशीतल्या 84 टक्के लोकांमध्ये फुगलेली गादी आढळते, असे त्यातून दिसले. सकाळच्या डोंबिवली फास्टच्या एका डब्यातल्या सगळ्यांचे एमआरआय काढले, तर कितीतरी धडधाकट माणसांच्या हाती असाच रिपोर्ट येईल. केस पिकावेत तसेच हे आहे.

म्हणून आधी तपासणी. पाठीवर झोपवून पाय सरळ ठेवून उचलला की कळ पायात उतरते का? पायाचा अंगठा जोर लावून वर उचलता येतो का? टाचांवर चालता येते का? चवड्यांवर? गुडघ्याचा आणि घोट्याचा झटका दोन्ही बाजूंना सारखा आहे का? एवढ्यावरून बहुतेक वेळा कोणती नस दुखावली आहे याचा अंदाज येतो. मग फिल्म बघायची आणि दोन्ही जुळतात का ते पाहायचे. कळ डाव्या पायात आणि फिल्ममध्ये दबलेली नस उजवी, असे असेल तर त्या नसेचे ऑपरेशन करून काय साधणार? मधुमेहाने किंवा बी-12 च्या कमतरतेने पायाला मुंग्या येतात, खुब्याचा सांधा झिजला तरी मांडी दुखते. ताप येत असेल, वजन घटत असेल, तर आपल्याकडे मणक्याच्या टीबीचाही विचार करावाच लागतो.

थांबणे हाही उपचार आहे, पण लोकल थांबत नाही

बहुतेकांची सायटिका सहा ते बारा आठवड्यांत उतरते. सरकलेला तुकडा शरीर बऱ्याचदा स्वतःच शोषून घेते. 2007 साली नेदरलँड्समधल्या 283 रुग्णांच्या अभ्यासात काहींचे लवकर ऑपरेशन केले, काहींना थांबवून गरज पडली तरच केले. वर्षअखेर दोन्ही गटांतले सुमारे 95 टक्के रुग्ण बरे होते. मात्र ऑपरेशनवाल्यांना आराम लवकर पडला, आणि थांबलेल्यांपैकी 39 टक्क्यांना त्याच वर्षात ऑपरेशन करावे लागले.

हे सांगितले की पेशंट विचारतो, "सहा आठवडे थांबू, पण पगार कोण देणार?" प्रश्न रास्त आहे. कल्याणहून रोज सीएसएमटीपर्यंत उभ्याने जाणारा कारकून, खड्ड्यांतून दिवसभर रिक्षा चालवणारा माणूस आणि घरून काम करणारा इंजिनिअर यांचे थांबणे सारखे नसते. नस खरोखर दबली असेल, तपासणी आणि फिल्म जुळत असेल आणि वेदना सहन होत नसेल, तर लवकर ऑपरेशन हा त्या माणसाचा योग्य निर्णय असू शकतो. पण तो त्याने समजून घेतलेला निर्णय हवा, रिपोर्टच्या भीतीने घेतलेला नको. थांबायचे ठरवले तरी अंथरुणाला खिळू नका. वेदनाशामक घेऊन जमेल तेवढे चालत राहा, वजन उचलणे आणि बाइकवरचे धक्के टाळा.

यात मात्र थांबू नका

चालताना चप्पल पायातून निसटते आणि ते कळत नाही, जिन्यावर पावलाचा पुढचा भाग अडखळतो, म्हणजे पायातली ताकद जाते आहे. त्याच दिवशी दाखवा. लघवी अडकली किंवा नकळत होऊ लागली, सायकलच्या सीटला टेकणारा भाग बधिर झाला, दोन्ही पाय लुळे पडू लागले, तर रात्र असली तरी एमआरआय आणि मणक्याच्या ऑपरेशनची सोय असलेले रुग्णालय गाठा. इथे तासांना किंमत आहे. उशीर झाला तर लघवीवरचा ताबा कायमचा जाऊ शकतो. लघवीबद्दल बोलायला अनेकजण, विशेषतः घरातल्या बायका, संकोचतात. कृपया संकोचू नका. आणि अशा वेळी मालीश किंवा मणका बसवून घेण्यात एक दिवसही घालवू नका.

पुढच्या वेळी कोणी "नस दबली आहे" म्हणाले, तर तीन प्रश्न विचारा: कोणती नस? माझ्या पायातल्या लक्षणांशी ती जुळते का? थांबलो तर धोका काय? उत्तर देताना डॉक्टरांनी तुमचा पाय तपासला नसेल, तर आधी तो तपासायला सांगा. तो तुमचा हक्क आहे.