नळ जमिनीखालून, जबाबदारी जमिनीवर

कारखान्यांतून निघणारा कार्बन डायऑक्साइड वायू हवेत न सोडता नळांतून दूर न्यावयाचा व खोल खडकांत कायमचा साठवावयाचा, असा एक नवा उद्योग जगात उभा राहत आहे. तापमानवाढ रोखण्याचा हा एक उपाय होय. नॉर्वेत १९९६ पासून हा वायू समुद्रतळाखाली साठविला जात आहे. परंतु नळ शेतांतून जावयाचे असतील, तर केवळ यंत्रबळाने काम भागत नाही, हे अमेरिकेच्या अनुभवावरून दिसून येते.

तेथील आयोवा व आसपासच्या राज्यांत मक्यापासून इथेनॉल बनविणारे अनेक कारखाने आहेत. त्यांचा वायू पाच राज्यांतून नेऊन नॉर्थ डकोटात साठविण्याची योजना २०२१ साली पुढे आली. अशा साठवणुकीस २०२२ च्या कायद्याने दर टनामागे ८५ डॉलरपर्यंत करसवलत मिळते. इथेनॉलचा धंदा टिकला तर मक्यास गिऱ्हाईक राहते, हा शेतकऱ्याचाही लाभ होय.

मात्र नुकसानीचा भार प्रथम शेतावर पडतो. आयोवा राज्य विद्यापीठाने खनिज तेलाच्या एका नळमार्गावरील शेतांचा अभ्यास केला. अवजड यंत्रांखाली माती दबल्याने पहिल्या दोन हंगामांत मक्याचे उत्पन्न सुमारे १५ टक्के व सोयाबीनचे २५ टक्के घटल्याचे आढळले.

जीवितासही धोका असतो. हा वायू हवेहून जड असल्याने सखल भागात साचतो व श्वास कोंडतो. फेब्रुवारी २०२० मध्ये मिसिसिपी राज्यातील सटार्शिया गावाजवळ अतिवृष्टीने जमीन खचून असा नळ फुटला. सुमारे २०० लोकांना गाव सोडावे लागले व ४५ जणांस रुग्णालयात जावे लागले. वायू या गावापर्यंत पोहोचेल, हे नळमार्गाच्या आराखड्यात धरलेच नव्हते.

शेतकऱ्यांचा विरोध वाढत गेला आणि मार्च २०२५ मध्ये साउथ डकोटा राज्याने अशा नळांसाठी सक्तीने जमीन घेण्यास कायद्याने बंदी केली. संमती आधी न घेतल्यास काम नंतर अडते, हाच याचा बोध होय.

भारतात तेल व वायूच्या नळांस १९६२ चा कायदा लागू आहे. त्यानुसार जमिनीची मालकी शेतकऱ्याकडेच राहते. परंतु नळावर घर बांधता येत नाही, विहीर खणता येत नाही, झाड लावता येत नाही. हरकत नोंदविण्यास २१ दिवसांची मुदत असते. विस्तार कार्यकर्त्यांनी ही मुदत वेळीच गावात सांगावी. पिकाची भरपाई, मातीची दुरुस्ती व अपघाताची पूर्वतयारी ही तिन्ही कलमे खणतीपूर्वी लेखी ठरली, तरच असा उद्योग गावास आपला वाटेल.