होकार दिलात, तर बोलावल्यावर या

गणेशोत्सव असो, महापुरुषाची जयंती असो की एखाद्या पुढाऱ्याचा वाढदिवस, आपल्याकडे मांडवाशेजारी रक्तदान शिबिर लागतेच. ऐच्छिक रक्तदानात महाराष्ट्र देशात पुढे राहिला तो मंडळांच्या कार्यकर्त्यांमुळे. त्याच महाराष्ट्रात थॅलेसेमिया मेजर, अप्लास्टिक ॲनिमिया किंवा फॅन्कोनी ॲनिमिया यांसारखा रक्ताचा गंभीर विकार असलेल्या मुलासाठी रक्त बनवणाऱ्या मूळपेशींचा दाता हवा असेल, तर आईवडिलांना जर्मनीपर्यंत शोध घ्यावा लागतो. ही अवस्था आपण बदलू शकतो.

देशात दरवर्षी सुमारे दहा हजार मुले थॅलेसेमिया मेजर घेऊन जन्मतात. दर दोन-चार आठवड्यांनी रक्त चढवायचे आणि त्या रक्तातून हृदयात, यकृतात साठणारे लोह औषधांनी काढत राहायचे, असे त्यांचे बालपण जाते. यातून कायमचे सुटण्याचा आज हाती असलेला मार्ग म्हणजे मूळपेशींचे, म्हणजेच अस्थिमज्जेचे प्रत्यारोपण. मुंबईच्या टाटा रुग्णालयात भारतातले पहिले अस्थिमज्जा प्रत्यारोपण 1983 मध्ये झाले. महापालिकेने बोरिवलीत मुलांसाठी स्वतंत्र केंद्र उभारले. ‘थॅलेसेमिया बाल सेवा योजने’तून दहा लाखांपर्यंत मदत मिळते. खर्चाची ओढाताण संपलेली नाही, पण पैसे जमले तरी दाता मिळत नाही, हे दुखणे अधिक खोल आहे.

रक्तगट जुळला म्हणून मूळपेशी चालत नाहीत. पेशींवरच्या एचएलए या खुणा जुळाव्या लागतात. सख्ख्या भावंडाशी त्या पूर्ण जुळण्याची शक्यता चारात एक. घरात एक-दोनच मुले असतील तर तीही आशा धूसर होते. आईवडिलांच्या अर्ध्या जुळणाऱ्या पेशींवर आता प्रत्यारोपण होते, मात्र रक्ताच्या या विकारांत शरीराने त्या पेशी नाकारण्याची धास्ती जास्त असते. उरतो तो अनोळखी दाता. या खुणा पिढ्यान्‌पिढ्या वारशाने येतात आणि आपण शतकानुशतके जातीतच लग्ने केली. त्यामुळे जुळणारा माणूस बहुधा आपल्याच समाजात सापडतो. ज्या आदिवासी वा भटक्या समाजातून कुणी दाता म्हणून नोंदणीच केलेली नाही, तिथल्या मुलासाठी जगभराची यादी चाळूनही हाती फारसे लागत नाही. लंडन-न्यू जर्सीतल्या मराठी रुग्णाचीही आशा शेवटी इथल्याच नोंदींवर असते.

लंडनमध्ये 1974 साली अँथनी नोलन या आजारी मुलाच्या आईने अनोळखी दात्यांची पहिली नोंदवही सुरू केली. मुलगा 1979 मध्ये दात्याविना गेला, नोंदवही मात्र वाढत राहिली. आज जगभरात चार कोटींहून अधिक दाते नोंदले आहेत. साडेआठ कोटींच्या आत लोकसंख्या असलेल्या जर्मनीत सुमारे एक कोटी आणि आपल्या अवाढव्य देशात जेमतेम काही लाख.

त्यातही जिवावर बेतणारी गोष्ट वेगळीच आहे. महाविद्यालयातल्या शिबिरात एचएलए तपासणीसाठी उत्साहाने गालाच्या आतला स्वॅब दिलेला तरुण काही वर्षांनी रुग्णाशी जुळल्याचा फोन आल्यावर नाही म्हणतो. अनेकदा नकार त्याचा नसतो, घरच्यांचा असतो. ‘मणक्यातून काहीतरी काढतात’, ‘पुढे मूल होणार नाही’ ही भीती घराघरात बसली आहे. मणक्याला कुणी हात लावत नाही. बहुतेक वेळा चार-पाच दिवस इंजेक्शने देऊन मूळपेशी रक्तात आणतात. मग एका हातातून रक्त यंत्रात घेऊन पेशी वेगळ्या करतात आणि उरलेले रक्त दुसऱ्या हातातून परत देतात. याला तीन ते पाच तास लागतात. अंग आणि हाडे दुखतात, डोके जड होते, काही दिवसांत ते ओसरते. अप्लास्टिक ॲनिमियासारख्या आजारात डॉक्टर कधी मज्जाच मागतात. ती भूल देऊन कमरेच्या हाडातून घेतात आणि काही आठवड्यांत ती पुन्हा भरून येते. मूल होण्याशी याचा संबंध नाही.

दुसरीकडे, प्रत्यारोपणाआधी रुग्णाची स्वतःची मज्जा औषधांनी पूर्ण नष्ट केलेली असते. त्या क्षणी दाता फिरला, तर मुलाकडे ना जुने रक्त बनवण्याची ताकद उरते, ना नवे येते. म्हणून नुसती नोंदणीची संख्या फुगवण्यात अर्थ नाही, असे आमचे ठाम मत आहे. नाही म्हणायचे असेल तर ते पहिल्याच दिवशी म्हणावे. त्यात कमीपणा नाही.

शासनानेही काही करायला हवे. एचएलए तपासणीचा खर्च सरकारने उचलावा, तपासण्या आणि दानाच्या दिवसांसाठी दात्याला पगारी रजा मिळावी आणि नंदुरबार, गडचिरोलीसारख्या जिल्ह्यांत आरोग्य यंत्रणेने स्वतः जाऊन नोंदणी करावी. गणेश मंडळांनी यंदा रक्तदानाच्या टेबलाशेजारी स्वॅबचे एक टेबल मांडावे आणि नाव नोंदवणाऱ्या तरुणांच्या आईवडिलांनाही तिथे बोलावून डॉक्टरांशी बोलू द्यावे.