प्रचारात तसं बोलावं लागतं

निवडणुका जाहीर झाल्या की मला भीती वाटू लागते. परवा जेवताना मी हे बोलून दाखवलं, तर माझा मेहुणा हसला. म्हणाला, "भाऊजी, तुम्ही फार मनावर घेता. प्रचारात तसं बोलावं लागतं. एकदा खुर्ची मिळाली की सगळे सरळ होतात."

हे वाक्य मी रेल्वेच्या डब्यात ऐकलं आहे, बँकेच्या रांगेत ऐकलं आहे आणि आयुष्यभर भाषा शिकवलेल्या एका निवृत्त प्राध्यापकांच्या दिवाणखान्यातही ऐकलं आहे. एखादा पुढारी व्यासपीठावरून अख्ख्या समाजाला कीड म्हणतो, हिशेब चुकता करण्याची भाषा करतो आणि शिकलीसवरलेली माणसं एकमेकांना समजावतात की यातलं काही खरं नसतं. हा लेख त्या समजावण्याविरुद्ध आहे.

आधी माझा स्वतःचा गुन्हा सांगतो. काही वर्षांपूर्वी इंदूरात आमच्या वस्तीजवळच्या मैदानावर प्रचारसभा होती. पक्ष कोणता, वक्ता कोण, हे सांगणार नाही. सांगितलं तर निम्मे वाचक 'ते तसलेच' म्हणून निश्चिंत होतील. वक्ता कसलेला होता. सुरुवातीला त्याने रस्त्यातले खड्डे काढले, नळाला येणारं गढूळ पाणी काढलं. ते सगळं खरंच होतं. मग त्याने एका समाजावर विनोद केला. विनोद जमला होता. मैदान हसलं आणि मीही हसलो. कळायच्या आत हसलो, असं म्हणून सुटका करून घेता येईल. पण हसलो.

दुसऱ्या दिवशी कोपऱ्यावरच्या शिंप्याकडे पँट आणायला गेलो. तो त्याच समाजाचा. वीस वर्षं माझे कपडे तोच शिवतो. पँट कागदात गुंडाळताना, वर न बघता, त्याने विचारलं, "कल सभा में थे क्या, साहब? हँसी यहाँ तक आ रही थी।" मी 'हो' म्हणालो. पैसे दिले. त्याने सुट्टे परत केले. बाकी काही बोलणं झालं नाही.

माझी भीती त्या दिवसापासूनची आहे. तेव्हा एक साधी गोष्ट लक्षात आली: ज्याच्याबद्दल बोललं जातं, तो माणूस 'प्रचारात तसं बोलावं लागतं' असं कधी म्हणत नाही. हे वाक्य ज्यांच्यावर काही येणार नसतं, त्यांच्याच तोंडी असतं.

या वाक्याचा इतिहास निदान शंभर वर्षांचा आहे. नोव्हेंबर १९२२मध्ये 'न्यूयॉर्क टाइम्स'ने म्यूनिकमधल्या एका नव्या पुढाऱ्याची ओळख वाचकांना करून दिली. या हिटलरचा ज्यूद्वेष वाटतो तितका खरा किंवा हिंसक नाही, गर्दी ओढण्यासाठी लावलेलं ते आमिष आहे, असं जाणकारांच्या हवाल्याने त्या बातमीत म्हटलं होतं. म्हणजे जाणकारांनी त्याचं बोलणं ऐकलं होतं. फक्त ते खरं मानलं नव्हतं.

पुढचे आकडे आपण शाळेत शिकत नाही, शिकायला हवेत. १९२८च्या निवडणुकीत त्याच्या पक्षाला २.६ टक्के मतं मिळाली. मंदी आली, आणि १९३०मध्ये १८.३ टक्के झाली. जुलै १९३२मध्ये ३७.३. त्याच वर्षी नोव्हेंबरात पुन्हा निवडणूक झाली, तेव्हा त्याची सुमारे वीस लाख मतं कमी झाली आणि टक्केवारी ३३.१वर घसरली. मोकळ्या निवडणुकीत त्याला कधीही बहुमत मिळालं नाही. मतदार मागे सरू लागले होते. त्याला आत आणलं ते शहाण्यासुरत्या, जुन्या घराण्यांतल्या राजकारण्यांनी. ३० जानेवारी १९३३ला तो चॅन्सेलर झाला, तेव्हा मंत्रिमंडळात त्याला धरून नाझी तिघेच होते. उपचॅन्सेलर झालेल्या पापेनची खात्री होती की याला आपण मुठीत ठेवू. भाषणं मैदानासाठी असतात, कारभार वेगळा असतो, हाच हिशेब. आठ आठवड्यांच्या आत, २३ मार्चला, संसदेने ४४४ विरुद्ध ९४ मतांनी आपले अधिकार त्याच्या हाती दिले. कम्युनिस्ट सदस्यांना सभागृहाबाहेरच ठेवलं होतं, काही तुरुंगात होते. विरोधात मत दिलं ते एकट्या सोशल डेमोक्रॅट पक्षाने.

जर्मनीचं नाव काढलं की लोक म्हणतात, ते जुनं झालं. म्हणून अलीकडचं सांगतो. २०१६मध्ये फिलिपाइन्सच्या अध्यक्षपदासाठी रोद्रिगो दुतेर्ते उभा राहिला. दावाओ शहराचा अनेक वर्षांचा महापौर. सभांतून तो सांगत होता की गुन्हेगारांना मारून मनिलाच्या उपसागरात फेकीन, तिथले मासे गलेलठ्ठ होतील. लोक हसत होते. सुमारे ३९ टक्के मतांवर तो निवडून आला. निवडून आल्यावरही त्याच्या प्रवक्त्याने पत्रकारांना सुचवलं की साहेबांचं बोलणं शब्दशः घेऊ नका, जरा कल्पनाशक्ती वापरा. पोलिसांनी मात्र शब्दशः घेतलं. अमली पदार्थांविरुद्धच्या कारवायांत सहा हजारांवर माणसं मेली, ही पोलिसांचीच मोजदाद आहे. मानवी हक्क संघटनांचा आकडा याच्या कितीतरी पट आहे. ऑगस्ट २०१७मध्ये एका सतरा वर्षांच्या विद्यार्थ्याला गोळ्या घातल्या गेल्या. त्याने आधी गोळी झाडली, असं पोलीस म्हणाले. कॅमेऱ्यात त्याला ओढून नेताना दिसलं. पुढच्या वर्षी तीन पोलिसांना खुनाबद्दल शिक्षा झाली. मार्च २०२५मध्ये दुतेर्तेला अटक करून हेगच्या आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयापुढे नेलं. मे महिन्यात, तो तिथे कोठडीत असताना, दावाओच्या मतदारांनी त्याला पुन्हा महापौर म्हणून निवडून दिलं. सरळ झाला का तो? तो पहिल्यापासून सरळच बोलत होता. वाकडा अर्थ लावला तो ऐकणाऱ्यांनी.

हे मी एका साहित्यिक नियतकालिकात का लिहितो आहे? कारण शब्दांवर ज्यांचं पोट आहे, त्यांनी तरी शब्दांना हवा म्हणू नये. एका कवितेतली एक ओळ माणसाचं आयुष्य बदलते, असं आपण परिसंवादात सांगतो. मग लाखभर लोकांपुढे, रोज संध्याकाळी, दोन महिने उच्चारलेली ओळ काहीच बदलत नाही, हे कसं? ड्रेस्डेनचा व्हिक्टर क्लेम्परर हा भाषेचा प्राध्यापक ज्यू म्हणून नोकरीतून काढला गेला. त्याने त्या बारा वर्षांत डायरीत शब्द टिपून ठेवले. 'फॅनॅटिक' हा निंदेचा शब्द त्या काळात स्तुतीचा कसा झाला, हे त्याने नोंदवलं आहे. हे वाचलं आणि मला आपला 'कट्टर' आठवला. माझ्या लहानपणी 'तो फार कट्टर आहे' असं आई म्हणाली, तर त्या घरी जपून बोलायचं असायचं. आज चौकातल्या फ्लेक्सवर, वाढदिवसाच्या शुभेच्छांत, कार्यकर्त्याच्या नावामागे 'कट्टर' अभिमानाने लागतो. कायदा बदलायला संसद लागते. हा शब्द आपण घरबसल्या बदलला.

माझ्यावर दोन आक्षेप येतील. पहिला, तुमचा जनतेवर विश्वास नाही. मी जनतेपासून वेगळा असतो, तर हा आक्षेप बरोबर ठरला असता. मी त्या मैदानात होतो आणि हसलो होतो. माझा अविश्वास माझ्यापासून सुरू होतो. आणि शिक्षणाने माणूस वाचतो, या भ्रमातही मी नाही. १० मे १९३३ला बर्लिनमध्ये पुस्तकं जाळणारे निरक्षर नव्हते, विद्यापीठांचे विद्यार्थी होते.

दुसरा आक्षेप, लोकशाही स्वतःला सावरते, १९७७ बघा. जरूर बघा. पण त्याआधीचे एकवीस महिनेही बघा, चौकशीविना तुरुंगात डांबलेली लाखावर माणसं बघा. १९७१ला प्रचंड बहुमताने निवडून आलेल्या सरकारनेच ते केलं होतं. लोकशाही आपोआप सावरली नाही. कुणीतरी भीती बोलून दाखवली. १९७५च्या कऱ्हाड साहित्य संमेलनात दुर्गाबाई भागवतांनी अध्यक्षपदावरून ती दाखवली, आणि पुढे त्या तुरुंगातही गेल्या. 'हे तात्पुरतं आहे, सगळं सरळ होईल' असं तेव्हाही बरेच जण म्हणतच होते.

बाबासाहेब आंबेडकरांनी २५ नोव्हेंबर १९४९च्या घटना समितीतल्या भाषणात इशारा दिला होता की धर्मात भक्ती मोक्षाकडे नेत असेल, पण राजकारणात ती अधःपाताकडे आणि शेवटी हुकूमशाहीकडे नेते. हा इशारा आपण नेहमी पुढाऱ्याच्या मूर्तीपुढे लोटांगण घालणाऱ्यांसाठी आहे असं समजतो. मला वाटतं, तो आपल्यासारख्या सभ्य लोकांनाही लागू आहे. देवाने वाईट केलं तरी त्यात काही चांगला हेतू असेल, असं भक्त मानतो. पुढाऱ्याने वाईट बोललं तरी त्याचा तसा हेतू नसेल, असं आपण मानतो. फरक काय राहिला?

म्हणून माझं मागणं लहान आहे. येत्या निवडणुकीत भाषण ऐकाल, तेव्हा ते वचननामा म्हणून ऐका. खड्डे बुजवीन हे त्याचं वाक्य तुम्ही शब्दशः घेता, तर त्यांना बघून घेईन हेही शब्दशः घ्या. आणि मत देण्याआधी, कोपऱ्यावरच्या दुकानात बसलेल्या ज्या माणसाबद्दल ते वाक्य होतं, त्याच्याकडे एकदा जाऊन या.

मी त्या शिंप्याला अजून काही बोललेलो नाही. 'तसं बोलावं लागतं' हे त्याला सांगायची माझी छाती नाही. मेहुण्यालाही मी परवा हेच विचारलं: चल, तू सांगून बघ. तो पुढे काही बोलला नाही. ताटातलं संपवून उठला.