राजीखुशीने, अक्कलहुशारीने

तालुक्याच्या कोर्टात वकिली करताना एक प्रश्न मला जवळजवळ रोज ऐकू येतो. विषय बदलतात. कधी शेत असतं, कधी भाड्याचं घर, उसने पैसे, मोडलेला संसार किंवा म्हातारे आईवडील. प्रश्न मात्र तोच असतो, “मॅडम, सही तर करून बसलोय. आता काही करता येईल का?”

काही ना काही करता येतं. पण सहीआधी जे काम अर्ध्या तासात झालं असतं, त्याला सहीनंतर दावा लागतो, तारखा लागतात, आणि त्यात वर्षं जातात. म्हणून हे लिहिते आहे. कलमं पाठ करायची कुणालाच गरज नाही. सही करण्याआधी या, एवढंच माझं मागणं आहे.

आपल्याकडे दस्ताच्या शेवटी एक ठरलेलं वाक्य असतं. हा दस्त मी राजीखुशीने व अक्कलहुशारीने, कोणाच्याही दबावास बळी न पडता, वाचून व समजून लिहून दिला असे. लिहिणाऱ्याच्या हाताला ते इतकं सवयीचं असतं की कुणी मोठ्याने वाचतही नाही. कोर्टात मात्र समोरचा वकील आधी त्याच वाक्यावर बोट ठेवतो. “सही तुमचीच ना? मग वर काय लिहिलंय ते वाचा.” तिथे माणूस गप्प होतो, कारण सही त्याचीच असते.

बहिणीची सही

पन्नाशीच्या एक ताई माझ्याकडे आल्या होत्या. वडिलांचं वर्षश्राद्ध झालं, त्याच आठवड्यात भाऊ गाडी घेऊन दारात आला. “वारसाचं काम आहे, तुझी सही लागते,” म्हणाला. दुय्यम निबंधक कार्यालयात गर्दी होती. गावातलेच दोघे ओळखदार म्हणून उभे राहिले, कॅमेऱ्यासमोर फोटो निघाला, यंत्रावर अंगठा टेकवला. “दस्त मान्य आहे ना?” असं विचारल्यावर ताईंनी मान हलवली. भावजयीने साडी नेसवली, ओटी भरली आणि त्या सासरी परतल्या. दोन वर्षांनी रस्त्याकडेची जमीन विकल्याचं कानावर आलं, तेव्हा दस्ताची नक्कल काढली. ते हक्कसोडपत्र होतं. चौथ्या पानावर सगळे गट नंबर होते, आणि त्यातला एक गट वडिलांच्या नावावर होता हेही ताईंना ठाऊक नव्हतं. मी विचारलं, तुम्ही वाचलं नाही का? त्या म्हणाल्या, “भावापुढे कागद काय वाचायचा?”

हे वाक्य मी फार वेळा ऐकलं आहे. म्हणून बहिणींनो, नीट ऐका. हिंदू वारसा कायद्यात 9 सप्टेंबर 2005 पासून झालेल्या दुरुस्तीने वडिलोपार्जित एकत्र मिळकतीत मुलीला मुलाइतकाच जन्माने हक्क आहे. त्या तारखेला वडील हयात असायलाच हवेत असं नाही, हेही सर्वोच्च न्यायालयाने 11 ऑगस्ट 2020 च्या विनीता शर्मा खटल्यात स्पष्ट केलं. लग्न झालं म्हणून हक्क जात नाही. 20 डिसेंबर 2004 पूर्वी कायदेशीर वाटप पुरं झालेलं असेल, तर ते मात्र मोडता येत नाही. वडिलांची स्वकष्टार्जित मिळकत असेल, तर ते हयात असेपर्यंत तीत मुलगा-मुलगी कुणालाच हिस्सा मागता येत नाही. ते मृत्युपत्र न करता गेले, तर पत्नी, मुलगे, मुली आणि हयात असल्यास त्यांची आई यांना सारखा वाटा मिळतो. आईचा आणि आजीचा वाटा घरोघर विसरला जातो. इतर धर्मीयांचे वारसाचे नियम वेगळे आहेत, आणि गोव्यातही वारसाचा कायदा वेगळा आहे. तिथे त्या त्या कायद्याप्रमाणे विचारावं.

हक्क सोडूच नका, असं मी म्हणत नाही. आईवडिलांचं आजारपण एकट्याने काढलेल्या भावासाठी बहिणीने मनापासून हिस्सा सोडला, तर तो तिचा मोठेपणा आहे. पण काय सोडतो आहोत, कोणासाठी आणि कशाच्या बदल्यात, हे तिला माहीत असायला हवं. मोबदला ठरला असेल तर तो दस्तात लिहून घ्या. ‘नंतर देतो’ हे तोंडी राहिलं, तर लेखी दस्तापुढे ते टिकवणं फार अवघड जातं. नोंदवलेलं हक्कसोडपत्र मन बदललं म्हणून किंवा भाऊ पुढे बोलेनासा झाला म्हणून रद्द होत नाही. फसवणूक झाली असेल तर ती कळल्यापासून तीन वर्षांत दिवाणी दावा लावावा लागतो, आणि फसवणूक सिद्ध करण्याचं ओझं तुमच्यावरच असतं. त्या ताईंचा दावा आम्ही लावला आहे. अजून तारखा चालू आहेत.

आणि भावांनो, बहिणीला दस्ताची प्रत चार दिवस आधी द्या. तिने वाचून केलेली सही तुमच्याही कामाची असते. तो व्यवहार पुढे मुलांच्या पिढीत कोर्टात जात नाही.

सातबारा नुसता ठेवू नका, वाचा

डिजिटल सहीचा सातबारा पंधरा रुपयांत ऑनलाइन मिळतो. तो काढा आणि तीन गोष्टी बघा. पहिली, भोगवटादाराच्या रकान्यात कोणाची नावं आहेत. तिथे एकट्या थोरल्या भावाच्या नावापुढे ‘ए.कु.मॅ.’ लिहिलेलं असेल, तर तो एकत्र कुटुंबाचा मॅनेजर म्हणून लागलेला आहे, एकटा मालक म्हणून नव्हे. तो गेल्यावर केवळ त्याच्याच मुलांची नावं लागली की चुलत घराण्यांत भांडण उभं राहतं. दुसरी, ‘इतर हक्क’ हा रकाना. बँकेचा किंवा सोसायटीचा बोजा तिथे असतो, आणि कित्येक जुन्या उताऱ्यांत बहिणींची नावंही तिथेच ढकललेली दिसतात. तिसरी, प्रत्येक नावाजवळचा फेरफार क्रमांक. तो फेरफार काढला की नाव कशाच्या आधारे लागलं किंवा कमी झालं ते कळतं.

घरातलं माणूस गेल्यावर तीन महिन्यांच्या आत वारस नोंदीचा अर्ज द्या. तलाठ्याकडे देता येतो, ई-हक्क प्रणालीवरही करता येतो. फेरफार मंजूर होण्याआधी नोटीस निघते, आणि पंधरा दिवसांत लेखी हरकत घेता येते. शहरात राहणाऱ्यांनी ‘आपली चावडी’वर आपल्या गावचे प्रलंबित फेरफार अधूनमधून पाहावेत. नोटिशीवर पोच म्हणून सही मागितली, तर ती पोच आहे की संमतीचा जबाब, ते आधी वाचा. आणि फेरफार झाला म्हणजे मालकी मिळाली किंवा गेली असंही समजू नका. ती महसुलाची नोंद आहे. मालकी दस्ताने, वारसाने किंवा कोर्टाच्या हुकुमाने ठरते.

नोटरीचा शिक्का

“मॅडम, पाचशेच्या स्टॅम्पवर नोटरी केलंय, पक्कं आहे ना?” सही तुम्हीच माझ्यासमोर केलीत, एवढंच नोटरी सांगतो. आतला व्यवहार कायद्यात बसतो की नाही, हे त्याच्या लाल शिक्क्याने ठरत नाही.

जमीन किंवा फ्लॅट विकत घेताना मालकी नोंदवलेल्या खरेदीखतानेच येते. साठेखताने पुढे खरेदीखत करून मागण्याचा हक्क मिळतो, मालकी मिळत नाही. साठेखत, कुलमुखत्यारपत्र आणि ताबापावती असे तीन कागद करून दिले म्हणजे विक्री झाली, हा समज सर्वोच्च न्यायालयाने 2011 मध्येच खोडून काढला आहे. आयुष्याची पुंजी अशा कागदावर लावलेली माणसं मी पाहिली आहेत. पैसे देण्याआधी दुय्यम निबंधक कार्यालयात निदान तीस वर्षांचा शोध घ्या. त्याचा खर्च व्यवहाराच्या मानाने किरकोळ असतो.

घर भाड्याने देताना “अकरा महिन्यांचाच करार आहे, नोंदणी कशाला?” असं सर्रास म्हणतात. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा 1999 च्या कलम 55 प्रमाणे करार लेखी आणि नोंदलेला असलाच पाहिजे, मुदत कितीही असो. नोंदणीची जबाबदारी घरमालकाची आहे. करार नोंदला नसेल तर वादात अटींबद्दल भाडेकरू जे सांगेल ते खरं धरलं जातं, जोवर घरमालक उलट सिद्ध करत नाही.

आणि फारकतीचा स्टॅम्प. पंचांसमोर लिहून दोघांनी सह्या केल्या म्हणजे हिंदू विवाह संपला, असं होत नाही. समाजात तशी रूढी पूर्वापार चालत आल्याचं पुराव्याने सिद्ध झालं, तरच अपवाद. बाकी सगळ्यांना कोर्टाचा हुकूमनामा लागतो. असा कागद खरा मानून मुलीचं दुसरं लग्न लावलं, तर ते लग्नच बेकायदा ठरतं आणि पोटगी-वारसाच्या वेळी तिला झगडावं लागतं. दोघांची संमती असेल तर सामंजस्याने घटस्फोटाचा अर्ज करा. तो रस्ता सरळ आहे.

आईवडिलांनो, तुमच्यासाठी

मुलाने आग्रह केला म्हणून राहतं घर हयातीतच बक्षीसपत्राने देऊ नका. द्यायचंच असेल तर, ‘देणाऱ्यांचा सांभाळ आणि मूलभूत गरजा भागवण्याच्या अटीवर’ ही ओळ दस्तात असू द्या. 2007 च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याच्या कलम 23 खाली, अट पाळली नाही तर प्रांताधिकाऱ्यांपुढच्या न्यायाधिकरणाकडून बक्षीसपत्र रद्द करून मागता येतं. ती एक ओळ नसल्यामुळे आपल्याच घराच्या ओट्यावर पाहुण्यासारखे बसलेले म्हातारे मी पाहिले आहेत.

त्यापेक्षा मृत्युपत्र करा. त्याला स्टॅम्प लागत नाही, नोंदणीची सक्ती नाही, आणि हयातीत हवं तेव्हा बदलता येतं. दोन साक्षीदार मात्र हवेत, तुमची सही समोर पाहून स्वतः सही करणारे. ज्याला मिळकत द्यायची आहे त्याला किंवा त्याच्या बायकोला साक्षीदार करू नका. नोंदणी केली तर पुढचे बरेच वाद टळतात. बँकेत नॉमिनी लावला म्हणून काम संपलं असंही नाही. नॉमिनीच्या हातात पैसे येतात, वारसांचा हक्क तसाच राहतो.

मित्रासाठी केलेली सही

“नुसता जामीनदार आहे, पैसे मी थोडेच घेतलेत?” कायद्यात जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच असते. बँक आधी कर्जदाराकडे जायला बांधील नसते, थेट तुमच्याकडे येऊ शकते. तेवढी रक्कम स्वतः फेडायची तयारी असेल तरच सही करा. ‘सिक्युरिटी’ म्हणून कोरा चेकही देऊ नका. चेकवर रक्कम दुसऱ्याने लिहिली, तरी सही तुमची आहे म्हणून देणं लागतं असंच कोर्ट गृहीत धरतं, आणि ते खोडायचं काम तुमचं असतं.

तुमचाच पैसा अडकला असेल तर दिवस मोजा. चेक न वटल्याचा बँकेचा मेमो मिळाल्यापासून तीस दिवसांत लेखी नोटीस गेली पाहिजे. समोरच्याला ती मिळाल्यावर पंधरा दिवस द्यायचे, आणि त्यानंतर एका महिन्यात कोर्टात तक्रार दाखल करायची. हातउसन्या रकमेच्या दाव्याला सर्वसाधारणपणे तीन वर्षांची मुदत असते. ‘आज देतो, उद्या देतो’ ऐकण्यात ती सरते.

सही नाकारून सुटका होईल अशीही समजूत आहे. कोर्टाचं समन्स आलं की पोस्टमनला परत पाठवतात. नाकारलेली नोटीस मिळाली असंच धरलं जातं आणि निकाल एकतर्फी होतो. ती घ्या, तारीख बघा. दिवाणी दाव्यात लेखी म्हणणं द्यायला तीस दिवस असतात, आणि कोर्टाच्या परवानगीने फार तर नव्वद.

वकिलाची फी कुठून आणू?

हा प्रश्न ओठांवर येत नाही, पण पाय त्याच्याचमुळे अडतात. तालुक्याच्या कोर्टाच्या आवारातच तालुका विधी सेवा समितीचं कार्यालय असतं. महिला, मुलं, अनुसूचित जाती-जमातीचे लोक, दिव्यांग, कोठडीत असलेले, यांना उत्पन्न न बघता मोफत सल्ला आणि वकील मिळतो. इतरांना उत्पन्नाच्या मर्यादेत मिळतो. या मदतीसाठी 15100 हा क्रमांक लक्षात ठेवा. हे दान नाही, 1987 च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याने दिलेला हक्क आहे.

आज तुमच्या घरात एखादा कागद सहीची वाट बघत असेल, तर तो एक रात्र उशाशी ठेवा. मोठ्याने वाचा, नाहीतर शिकलेल्या नातवाकडून वाचून घ्या. जे शब्द कळले नाहीत त्यांच्याखाली पेन्सिलीने रेघ मारा आणि तेवढ्या रेघा घेऊन कोणत्याही वकिलाकडे जा. घाई करणाऱ्याला सांगा, उद्या सही करते. खरं काम एका दिवसाने बिघडत नाही. मग शेवटच्या पानावरचं ते ठरलेलं वाक्य पुन्हा वाचा. राजीखुशीने. अक्कलहुशारीने. दोन्ही शब्द तुमच्याबाबतीत खरे असतील, तर खुशाल सही करा.