आरोग्याचा उपदेश आणि विडीचे सूप

तंबाखू सोडा, असा उपदेश सरकार दरवर्षी ३१ मे रोजी करते. उपदेश खोटा नाही. तंबाखूमुळे भारतात दरवर्षी १३ लाखांहून अधिक माणसे मरतात, आणि विडी ओढणारा बहुतांशी श्रमिकच असतो. परंतु व्यसनाचा सारा दोष व्यक्तीच्या दुबळ्या मनावर ढकलून राज्यसंस्था नामानिराळी राहू पाहते, तेव्हा या उपदेशामागील वर्गीय हितसंबंध उघडे पाडणे भाग आहे.

वेष्टनाचा ८५ टक्के भाग सचित्र इशाऱ्याने व्यापावा, हा नियम १ एप्रिल २०१५ पासून अमलात यायचा होता. नेमक्या त्याच सुमारास, तंबाखूने कर्करोग होतो असे दाखवणारे भारतीय संशोधनच नाही, असा शोध संसदीय समितीच्या अध्यक्षांनी लावला. समितीचा एक सदस्य स्वतः विडी-कारखानदार होता! नियम वर्षभर लांबला. सरकारी आयुर्विमा महामंडळ तर देशातील सर्वांत मोठ्या सिगारेट कंपनीचे बडे भागधारक आहे. एका हाताने इशारा, दुसऱ्या हाताने लाभांश!

मात्र आपल्याच चळवळीत कधीकधी ऐकू येणाऱ्या एका युक्तिवादाचाही समाचार घेतला पाहिजे. इशारा मोठा झाला तर विडी कामगारांची रोजी बुडेल, म्हणून इशाराच नको, असे काही साथी म्हणतात. हा कामगाराच्या तोंडून बोलणारा मालक आहे. मांडीवर सूप घेऊन विड्या वळणाऱ्या सोलापूरच्या कामगार स्त्रीच्या श्वासात तंबाखूची धूळ जाते. तिच्याच घरातला पुरुष तीच विडी ओढतो. भाकरी की फुप्फुस, ही निवड तिची नव्हे; ती भांडवलाने तिच्यावर लादली आहे.

पर्याय नाही काय? विडी कामगार कायद्याची अंमलबजावणी टाळण्यासाठी मालकांनी कारखाने बंद केले, तेव्हा १९६९ मध्ये कण्णूरच्या कामगारांनी दिनेश विडी सहकारी संस्था उभारली. विडीचा खप घटू लागल्यावर ती खाद्यपदार्थ, छत्र्या, तयार कपडे यांकडे वळली. तंबाखू कामगारांना पर्यायी रोजगार देण्याचे कलम असलेला आंतरराष्ट्रीय करार भारताने २००४ मध्येच मान्य केला आहे. प्रत्यक्षात मात्र विडी कामगारांच्या कल्याणनिधीचा उपकरच २०१७ मध्ये रद्द करण्यात आला!

म्हणून आपली भूमिका निःसंदिग्ध असावी: इशारा पूर्ण आकाराचा हवा, व्यसनमुक्तीचे उपचार मोफत हवेत, आणि सूप खाली ठेवणाऱ्या प्रत्येक हाताला आधी दुसरे काम हवे. सवयी उपदेशाने नव्हे, जीवनाची परिस्थिती बदलल्याने बदलतात. आणि परिस्थिती बदलते ती संघटित संघर्षानेच.