सर्वांत पुढे फुफीजान

माथेरानला आपल्यापैकी बरीच कुटुंबे एकदा तरी जाऊन आलेली असतात. बाजारात चिक्की घ्यायची, मुलांना घोड्यावर बसवायचे, दोन पॉइंट पाहायचे आणि संध्याकाळी नेरळ गाठायचे, हा ठरलेला कार्यक्रम. पण माथेरान मुळात चालण्याचे ठिकाण आहे. खासगी मोटारी दस्तुरी नाक्यापुढे जात नाहीत. पुढे लाल मातीच्या वाटा, दाट झाडी आणि डोंगराच्या काठाकाठाने एकामागून एक येणारे कडे. गेल्या डिसेंबरात आम्ही घरचे सात जण या डोंगराचा दक्षिणेकडचा भाग दिवसभर पायी फिरलो. सर्वांत लहान मुलगी ११ वर्षांची, सर्वांत मोठ्या फुफीजान ६४ वर्षांच्या.

फुफीजानना १२ वर्षांपासून मधुमेह आहे. डॉक्टर रोज चालायला सांगतात, पण त्यांचे चालणे गॅलरीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत. आमचा भाचा पुढच्याच आठवड्यात नोकरीसाठी कतारला जाणार होता. जाण्यापूर्वी एक दिवस सर्वांनी मिळून डोंगरावर घालवावा, ही कल्पना त्याची. फुफीजानना घरी ठेवावे असे दोघा-तिघांनी सुचवले, तेव्हा तो म्हणाला, “त्या येणार नसतील तर मीही येत नाही.”

म्हणून तयारी त्यांच्या हिशेबाने केली. औषधाच्या वेळा आणि मात्रा डॉक्टरांना आधी विचारून घेतल्या, कारण दिवसभर चालल्याने साखर एकदम खाली येऊ शकते. खजूर आणि ग्लुकोज त्यांच्याच पिशवीत ठेवले. नवे बूट कोणीही घालायचे नाहीत, पायाला सरावलेलेच घालायचे. मधुमेहात पायाची संवेदना कमी झालेली असू शकते, फोड आला तरी कळत नाही. प्रत्येकाकडे दोन लिटर पाणी. खाणे बंद पाठपिशवीत, कारण हातातली प्लॅस्टिकची पिशवी माथेरानची माकडे हमखास ओढतात.

एक नियम मात्र भाच्याने केला. फुफीजान सर्वांत पुढे चालतील आणि त्यांना कोणीही मागे टाकणार नाही.

सकाळी साडेसातला दस्तुरीहून निघालो. बाजारापर्यंतची वाट रुळांच्या सोबतीने जाते. नेरळ ते माथेरान ही सुमारे २० किलोमीटरची छोटी रेल्वे १९०७ साली सुरू झाली. ती बांधली मुंबईचे बोहरा उद्योगपती सर आदमजी पीरभॉय यांचे पुत्र अब्दुल हुसेन यांनी, वडिलांच्या पैशातून. गाडीत बसून आलेल्या आमच्या मुलांना हे ठाऊक नव्हते. रुळांच्या बाजूने चालताना दोन फुटांची ती चिंचोळी लाइन आणि डोंगराची वळणे पाहिली, तेव्हा काम किती अवघड असेल ते त्यांना उमगले.

बाजार मागे पडला आणि अलेक्झांडर पॉइंटच्या वाटेला लागल्यावर सावली सुरू झाली. जांभूळ, हिरडा, अंजन यांच्या फांद्या डोक्यावर एकमेकींत शिरलेल्या. एका झाडावर शेकरू दिसला. फुफीजान दर वीस मिनिटांनी थांबत होत्या, म्हणून तो दिसला. मुले पुढे धावली असती तर तो केव्हाच पसार झाला असता.

रामबाग पॉइंटवरून चौक पॉइंटला पोहोचेपर्यंत अकरा वाजून गेले. झाडी संपते आणि दोन पावलांवर दरी सुरू होते. खाली चौक गाव आणि जुना मुंबई-पुणे रस्ता. इथे मोठ्यांनी सावध राहायला हवे. माथेरानचा माथा जांभ्या दगडाचा आहे. तो झिजून वाटेवर बारीक खडी साचते, तिच्यावरून बूट घसरतो. वाळलेली पानेही तशीच. सर्वच कड्यांना कठडा नाही. म्हणून काठापासून तीन पावले मागे उभे राहायचे, फोटो काढायचा तर बसून, आणि फोटोसाठी मागे सरकायचे मुळीच नाही, असे मुलांना बजावले होते. भाचा दर वेळी दरीच्या बाजूला उभा राही आणि धाकटीला आतल्या बाजूला ठेवी.

वन ट्री हिलजवळ जेवलो आणि जोहरची नमाज तिथेच पढलो. खाली मोरबे धरणाचे पाणी चमकत होते. उठताना फुफीजानचा गुडघा धरला. कोणी घोडा आणू म्हणाले, त्यांनी नको म्हटले. पट्टी बांधून, काठी घेऊन, अर्धा तास बसून मग त्या उठल्या. आम्ही सहा जण तेवढा वेळ बसून राहिलो. कोणीही घड्याळ पाहून दाखवले नाही.

शार्लोट तलावापाशी असर पढलो. माथेरानला पिण्याचे पाणी याच तलावातून मिळत आले आहे, म्हणून त्यात हातपाय न धुता बाटलीतल्या पाण्याने वजू केली. एको पॉइंटला आलो तेव्हा साडेचार झाले होते. समोर प्रबळगड उन्हात उभा होता. पुढे लुईझा पॉइंट थोड्याच अंतरावर. तिथून सूर्यास्त पाहायचा हे भाच्याच्या मनात महिनाभर होते.

डिसेंबरात सूर्य सहाच्या सुमारास मावळतो आणि झाडीत अंधार त्याआधीच होतो. सूर्यास्त पाहून दस्तुरी गाठायची म्हणजे दुखऱ्या गुडघ्याने तासा-दीड तासाची वाट अंधारात. “तुम्ही चौघे जा, आम्ही इथे बसतो,” असे फुफीजान म्हणाल्या. जंगलात संध्याकाळी माणसे वेगळी करू नयेत, हे भाच्याला माहीत होते. तो थोडा वेळ प्रबळगडाकडे पाहत उभा राहिला. मग फुफीजानची पिशवी आपल्या खांद्यावर घेऊन म्हणाला, “चला फुफीजान, तुम्ही पुढे व्हा.”

सहाला दहा मिनिटे असताना आम्ही दस्तुरीला होतो. घरी आल्यावर फुफीजानचे पाय धुऊन तळवे नीट पाहिले. एकही फोड नव्हता.

आता भाचा कतारला आहे. त्याचा फोन आला की फुफीजान आधी आज किती चालल्या ते सांगतात, मग इतर गोष्टी. गॅलरी सुटली, आता मागच्या मैदानाला रोज तीन फेऱ्या होतात.

वाचक भगिनी-बंधूंनो, थंडीचे दिवस आहेत. घरातल्या कोणाला “तुम्हाला झेपणार नाही” म्हणून मागे ठेवण्यापूर्वी डॉक्टरांना विचारा. ते हो म्हणाले तर वाट निम्मी करा, वेळ दुप्पट धरा, आणि त्यांना सर्वांच्या पुढे चालू द्या.