इंग्रजीतील ‘जर’ आणि मराठीतील ‘तर’

घरांतील मुलें इंग्रजी व्याकरणाचे नियम घडाघडा म्हणून दाखवितात. परंतु चार ओळींचें पत्र लिहितांना त्यांत एखादा ‘जर’ आला, कीं लेखणी अडखळते. हा केवळ मुलांचा आळस नव्हे. मराठींत जी वाट सरळ जाते ती इंग्रजींत वळण घेते, आणि तें वळण त्यांना कोणी दाखविलेलें नसतें. तें आज पाहूं.

‘तो आला तर मी त्याला सांगेन’ हें रोजचें वाक्य घ्यावें. यांत ‘आला’ हें रूप भूतकाळाचें. अर्थ मात्र भविष्याचा, आणि येण्याचा संभवही खरा. मुलगा शब्दाला शब्द ठेवून ‘इफ ही केम’ असें लिहितो, आणि तेथेंच अर्थ पालटतो. संभव खरा असेल तेव्हां इंग्रजींत ‘जर’च्या पोटवाक्यांत साधा वर्तमानकाळ येतो : ‘इफ ही कम्स, आय विल टेल हिम.’ ‘इफ ही केम, आय वुड टेल हिम’ असें म्हटलें, तर ऐकणारा समजतो कीं तो येण्याचें चिन्ह फारसें नाहीं. येथें इंग्रजीचा भूतकाळ काळ दाखवीत नाहीं. वस्तुस्थितीपासूनचें अंतर दाखवितो.

हा भेद केवळ परीक्षेपुरता नव्हे. आई आजारी असलेल्या तरुणानें वरिष्ठांस ‘इफ माय मदर्स इलनेस गेट्स वर्स, आय विल नीड लीव्ह’ असें लिहिलें, तर ते रजेची तजवीज करून ठेवतील. त्याच जागीं ‘गॉट’ आणि ‘वुड नीड’ लिहिलें, तर ही दूरची कल्पना आहे असें समजून ते अर्ज बाजूस ठेवतील. एका रूपानें गरजेचा निकडपणा नाहींसा होतो.

‘तो येईल तर’ यावरून ‘इफ ही विल कम’ असें लिहिणें हीही नित्याची चूक. भविष्य मुख्य वाक्यांत एकदां सांगितलें कीं पुरें. ‘विल’चा अर्थ ‘राजी असणें’ असा असेल, तेवढ्यापुरतें तें ‘इफ’नंतर चालतें.

आतां जें घडलेंच नाहीं त्याविषयीं. अशा क्रियेसाठीं पाणिनीनें लृङ् हा लकार सांगितला, आणि क्रियेच्या अशा न घडण्यास ‘क्रियातिपत्ति’ म्हटलें. ‘यदि सः अपठिष्यत्, तर्हि उत्तीर्णः अभविष्यत्’ यांत दोन्ही अंगांत लृङ् आहे. मराठीचा घाटही तोच : ‘त्यानें अभ्यास केला असता, तर तो उत्तीर्ण झाला असता.’ या जुळ्या रूपांची संवय असलेला विद्यार्थी इंग्रजींतही दोन्हीकडे ‘वुड हॅव’ घालतो. इंग्रजीला हें जुळेपण मान्य नाहीं. ‘इफ’कडे ‘हॅड’, मुख्य वाक्याकडे ‘वुड हॅव’ : ‘इफ ही हॅड स्टडीड, ही वुड हॅव पास्ड.’

आणखी एक खोंच आहे. ‘माझ्याजवळ पैसे असते तर मी तें घर घेतलें असतें’ हें वाक्य आजचें कीं दहा वर्षांपूर्वींचें, हें मराठींत संदर्भावरून कळतें. इंग्रजींत तें रूपानेंच सांगावें लागतें. आजचें असेल तर ‘इफ आय हॅड द मनी, आय वुड बाय द हाउस’. तेव्हांचें असेल तर ‘इफ आय हॅड हॅड द मनी, आय वुड हॅव बॉट द हाउस’. आजच्याच कल्पनेंत ‘असणें’ हें क्रियापद आलें, तर ‘इफ आय वेअर यू’ असें ‘वेअर’ लिहावें. बोलण्यांत ‘वॉज’ ऐकूं येतें, तरी लेखनांत ‘वेअर’च शिष्टसंमत.

म्हणून घरांतील वडील मंडळींनीं मुलांस कोष्टकें पाठ करावयास लावण्यापेक्षां दोन प्रश्न विचारावयास शिकवावें. संभव खरा आहे कीं नुसता कल्पिलेला? कल्पिलेला असेल, तर गोष्ट आतांची कीं होऊन गेलेली? सायंकाळीं पुढील तीन वाक्यें मुलांपुढें ठेवावीं : ‘पत्र आलें तर कळवीन.’ ‘आज आजोबा असते तर त्यांना आनंद झाला असता.’ ‘काल वेळेवर निघालों असतों तर गाडी मिळाली असती.’ उत्तर लिहिण्यापूर्वीं मुलानें हे दोन प्रश्न मोठ्यानें म्हटले, तर अर्धें काम तेथेंच झालें असें समजावें.